रस दाट हवा, चिकट नको



मागे एका हंगामात एक जुने सभासद प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले. हातात उसाचे एक कांडे. म्हणाले, "साहेब, हे बघा. तोडून चार दिवस झालं तरी रस कसा मधागत दाट हाय. तुमच्या त्या यंत्रात घालून बघा. आकडा वाढलाच असंल, कमी झाला न्हाई. मग शिळ्या उसानं उतारा पडतो म्हणून आमच्या नावानं का ओरडता?"

रस काढून पाहिला. ब्रिक्स २१ निघाला. ताज्या उसाचा त्याच फडातला आकडा १९ होता.

"आबा, तुमचं बरोबर आहे. आकडा वाढलाय. पण साखर घटली."

"रस दाट झाला म्हणता आन् साखर घटली म्हणता. ह्ये कसं जमायचं?"

प्रश्न रास्त होता. पण दारात उभ्या उभ्या दोन मिनिटांत उत्तर देण्यासारखा नव्हता. असाच प्रश्न इतरही सभासदांच्या मनात असतो, म्हणून हा लेखनप्रपंच. मूळ घोटाळा एका शब्दात आहे. आपण 'दाट' आणि 'चिकट' हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरतो. पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्या उसाचा दर त्यांच्या फरकावर अवलंबून आहे.

घरातली मापे

हा फरक आपल्या घरातल्या माताभगिनींना चांगला माहीत असतो. त्यांच्याकडे पातळ-घट्ट पदार्थांसाठी जेवढे शब्द आहेत तेवढे आमच्या प्रयोगशाळेतही नाहीत. धिरड्याचे पीठ सरसरीत हवे. आमटी पळीवाढी हवी. पिठले घट्ट झाले तर चालते, पण गिळगिळीत झाले तर कोणी तोंड लावत नाही. पाक एकतारी, दोनतारी की गोळीबंद, हे ठरल्याशिवाय रव्याचा लाडू वळता येत नाही.

या शब्दांकडे नीट पाहिले तर प्रत्येकात एक परीक्षा आहे. पळीवाढे म्हणजे पळीतून ओतताना पदार्थ कसा पडतो. एकतारी म्हणजे अंगठा आणि तर्जनीत थेंब धरून बोटे फाकवली तर किती तारा सुटतात. गोळीबंद म्हणजे गार पाण्यात टाकल्यावर आकार धरतो की विरघळून जातो. वाहणे, ताणणे आणि जमणे, अशा या तीन परीक्षा आहेत.

आता घरातलीच दोन उदाहरणे घ्या. एका पेल्यात साखरेचे चांगले गोड सरबत करा. शंभर ग्रॅम सरबतात वीस ग्रॅम साखर घाला. ते पाण्यासारखेच वाहील, तार धरणार नाही. दुसऱ्या पेल्यात चार भेंड्या चिरून भिजत ठेवा. थोड्या वेळाने ते पाणी बुळबुळीत होईल, बोट बुडवून वर काढले तर तार येईल. वास्तविक भेंडीच्या पाण्यात विरघळलेला माल फारच थोडा. सरबतात माल जास्त पण चिकटपणा नाही, भेंडीच्या पाण्यात चिकटपणा आहे पण माल नाही.

एवढे ध्यानात राहिले तर पुढचे सगळे सोपे आहे.

गुऱ्हाळावरची मापे

गुऱ्हाळावर तर ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. काहिलीत रस उकळू लागला की गुळव्या भेंडीच्या झाडाचे चिकट पाणी टाकतो. तो चिकटपणा रसातला गाळ धरून वर आणतो, मग मळी काढून टाकता येते. म्हणजे चिकटपणा हा नेहमी वाईटच असतो असे नाही. तो कोठे आणि किती, हे महत्त्वाचे.

पुढे रस आटत जातो. साधारण १०५-१०६ अंश सेल्सिअसला उतरवली तर काकवी. पुढे ११८ अंशांच्या आसपास नेले तर गूळ. गुळव्याजवळ थर्मामीटर नसतो. तो फावड्यावरून पडणारी धार पाहतो आणि गार पाण्यात गोळी करून पाहतो. गोळी भांड्यावर मारून आवाज ऐकणारेही गुळवे आहेत. बाजारात चिक्कीचा गूळ वेगळा मिळतो तो याच ज्ञानामुळे. साधा गूळ तुटतो, चिक्कीचा ताणला जातो.

शब्दांचीही गंमत आहे. आपल्याकडे काकवी म्हणजे गोड, खायची, भाकरीबरोबर घ्यायची. सीमेपलीकडे कन्नडमध्ये काकंबी म्हणतात ती मात्र कारखान्याची मळी.

कारखान्यातली नावे

आपला ऊस गव्हाणीत पडल्यापासून त्याच्या रसाची नावे बदलत जातात. मिलमधून निघतो तो मिश्र रस. चोथ्यातली साखर धुऊन काढण्यासाठी मिलवर पाणी मारतात, म्हणून तो उसातल्या रसापेक्षा पातळ असतो. त्याचा ब्रिक्स साधारण १३ ते १५ असतो. चुना आणि गंधकाचा धूर देऊन तो स्वच्छ करतात. मग इव्हॅपोरेटरमध्ये आटवून साधारण ६० ब्रिक्सपर्यंत आणला की त्याला सिरप म्हणतात. हा शब्द आपल्याला परका वाटतो, पण 'सरबत' आणि 'सिरप' ही भावंडे आहेत. दोन्ही 'पिणे' या अर्थाच्या एकाच अरबी शब्दमुळातून आली.

सिरप पॅनमध्ये जाते. पॅनमध्ये हवेचा दाब कमी केलेला असल्याने ते ६०-६५ अंशांच्या आसपासच उकळते, करपत नाही. तेथे साखरेचा दाणा धरतो. दाणे आणि त्यांच्याभोवतीचा पाक मिळून जो रबडीसारखा माल होतो तो मॅसेक्विट. हा शब्द फ्रेंच, अर्थ 'शिजवलेला गोळा'. त्याचा ब्रिक्स नव्वदीच्या पुढे जातो. तो सेंट्रिफ्युगल मशीनमध्ये गरगर फिरवला की दाणे जाळीवर राहतात आणि पाक बाहेर फेकला जातो. हा पाक पुन्हा शिजवतात. असे ए, बी, सी तीन फेरे झाल्यावर ज्यातून आणखी साखर काढणे परवडत नाही तो शेवटचा काळा पाक म्हणजे मोलॅसिस. या शब्दाचे मूळ पोर्तुगीजमार्गे लॅटिनमधील मधापर्यंत जाते. दुसऱ्या फेऱ्यानंतरच पाक बाजूला काढला तर ती बी हेवी मळी. इथेनॉलच्या चर्चेत तिचे नाव अलीकडे आपण वारंवार ऐकतो.

'मळी' कोणती?

येथे एक खुलासा करणे जरूर आहे. गट ऑफिसला सभासद विचारतात, "मळी कधी मिळणार?" त्यांना शेतात टाकायची मळी हवी असते, म्हणजे रस गाळल्यावर राहणारा गाळ, प्रेसमड. केमिस्ट मळी म्हणतो तेव्हा त्याला मोलॅसिस म्हणायचे असते. ओढ्यात मळी सोडल्याची तक्रार येते तेव्हा बहुधा डिस्टिलरीच्या सांडपाण्याबद्दल, स्पेंटवॉशबद्दल, बोलणे चाललेले असते. एकाच शब्दाने तीन जिन्नस सांगितले जातात. पहिला खत आहे, दुसरा विकला जाणारा माल आहे आणि तिसरा प्रक्रिया केल्याशिवाय बाहेर सोडता येत नाही. तेव्हा अर्ज लिहिताना किंवा सभेत प्रश्न विचारताना कोणती मळी ते स्पष्ट सांगावे. निम्मे गैरसमज तेथेच मिटतील.

दाटपणाचे माप, चिकटपणाचे माप

आता मूळ मुद्द्यावर येऊ. दाटपणा म्हणजे शंभर भाग रसात विरघळलेला माल किती, हे प्रमाण. ते ब्रिक्समध्ये मोजतात. एकोणिसाव्या शतकातील जर्मन शास्त्रज्ञ अडोल्फ ब्रिक्स यांचे हे नाव. शंभर ग्रॅम द्रावात एक ग्रॅम साखर म्हणजे एक ब्रिक्स. पण रसात नुसती साखर नसते. न जमणारी ग्लुकोजसारखी साखर, क्षार, आम्ले, डिंकासारखे पदार्थही असतात. शेतकी खात्याचा माणूस फडात हँड रिफ्रॅक्टोमीटर लावतो तेव्हा ते यंत्र या सगळ्यांना एकाच मापात धरते. यातली खरी साखर किती, हे दाखवणारा आकडा निराळा. त्याला पोल म्हणतात. ब्रिक्सच्या मानाने पोल शेकडा किती, ती रसाची शुद्धता.

चिकटपणा म्हणजे द्रव वाहताना स्वतःलाच किती अडवतो ते. पुस्तकी भाषेत याला श्यानता म्हणतात. त्याचे माप सेंटिपॉईज. रक्त बारीक नळ्यांतून कसे वाहते या विचाराने नळ्यांतील प्रवाहाचा अभ्यास करणारे फ्रेंच वैद्य प्वाझय यांच्या नावावरून ते आले. २० अंश तपमानाच्या पाण्याचा चिकटपणा साधारण १ सेंटिपॉईज धरा. त्याच तपमानाला शुद्ध साखरेच्या पाकाचे आकडे असे आहेत:

शेकडा २० साखर : सुमारे २
शेकडा ४० साखर : सुमारे ६
शेकडा ६० साखर : सुमारे ५८
शेकडा ७० साखर : सुमारे ४८०

वीसवरून सत्तरवर जाताना साखर साडेतीन पट झाली, पण चिकटपणा दोनशे चाळीस पट झाला. म्हणून सरबत पाण्यासारखे वाहते आणि पाक तार धरतो. शेवटच्या मळीचा चिकटपणा तर पाण्याच्या हजारो पट असतो.

उष्णतेने मात्र चिकटपणा झपाट्याने उतरतो. शेकडा ६० साखरेचा तोच पाक ४० अंशांपर्यंत तापवला तर ५८ चा आकडा २१ च्या आसपास येतो. थंडीच्या दिवसात मधाची बाटली उन्हात ठेवतात ती यासाठीच.

मळीचा पूर

चिकट पदार्थ संथच असतो, अशी आपली समजूत असते. ती किती फसवी आहे हे अमेरिकेतील बोस्टन शहरात दिसले. तेथे मद्यार्कासाठी लागणारी मळी साठवायची सुमारे ५० फूट उंचीची पोलादी टाकी होती. १५ जानेवारी १९१९ रोजी ती फुटली. सुमारे २३ लाख गॅलन मळी रस्त्यावर आली. तिच्या लोंढ्याने इमारती पडल्या. २१ माणसे दगावली, सुमारे दीडशे जखमी झाली. दोनच दिवस आधी जहाजातून आलेली ऊबदार मळी त्या टाकीत भरली होती. वजन आणि उंची यांच्या जोरावर ती प्रथम पुरासारखी धावली. मग हिवाळ्याच्या गारठ्यात थंड होत घट्ट झाली आणि अडकलेल्या माणसांना बाहेर काढणे कठीण होऊन बसले. टाकी मुळातच कमकुवत बांधली होती, हे पुढे चौकशीत निघाले. मळीच्या टाकीची देखभाल ही कागदी बाब नव्हे, हे यावरून कळावे.

शिळ्या उसात काय होते

ऊस तोडला की त्याचे पाणी उडू लागते. रस आटतो, म्हणून ब्रिक्स वाढतो. आबांच्या कांड्यातला २१ चा आकडा हा असा आला. काट्यावर वजन मात्र घटते. म्हणजे पहिले नुकसान उत्पादकाच्या स्वतःच्या बिलातच होते.

दुसरे नुकसान आतून होते. तोडलेल्या उसातले विकर साखर फोडू लागते. एका साखरेचे दोन तुकडे होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. दोन्ही गोड, दोन्ही ब्रिक्समध्ये मोजले जातात, पण आपल्या पॅनमध्ये त्यांचा दाणा धरत नाही. समजा, ताज्या रसाचा ब्रिक्स १९ आणि पोल १६.५ आहे. शुद्धता जवळजवळ ८७ झाली. शिळ्या रसाचा ब्रिक्स २१ आणि पोल १६ आहे. शुद्धता ७६ वर आली. रस दाट झाला आणि माल हलका झाला, तो असा.

तिसरे नुकसान सर्वांत वाईट. उसाच्या कापलेल्या टोकातून ल्युकोनोस्टॉक नावाचे जंतू आत शिरतात. ते साखर खातात आणि तिच्यातल्या ग्लुकोजचे हजारो मणी एकाला एक जोडून लांबच लांब माळ तयार करतात. या माळेला डेक्स्ट्रान म्हणतात. हा एक प्रकारचा डिंकच. भेंडीच्या पाण्याची आठवण ठेवा. माल थोडा, चिकटपणा फार. डेक्स्ट्रानचे तसेच आहे. जळका ऊस असेल तर साल तडकलेली असते, जंतूंना आयतीच वाट मिळते. यंत्राने तोडलेल्या उसाचे तुकडे लहान, म्हणून कापलेली टोके अधिक. असा ऊस तर आणखी लवकर गाळला पाहिजे. न पिकलेले शेंडे आणि वाढे उसाबरोबर आले तर त्यांतून स्टार्च येतो. तोही रस चिकट करतो.

हा चिकट रस पुढे प्रत्येक ठिकाणी आडवा येतो. गाळ लवकर बसत नाही. पॅनमध्ये साखरेचे कण दाण्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. दाणा चौकोनी, टपोरा न होता लांबट, सुईसारखा होतो. असा दाणा सेंट्रिफ्युगलमध्ये पाक सोडत नाही. पाक सुटावा म्हणून जास्त पाणी मारावे, तर धरलेला दाणाच विरघळतो. शेवटी जी साखर पोत्यात जायची ती मळीबरोबर टाकीत जाते. चांगले काम झाले तरी शेवटच्या मळीच्या शंभर किलोत तीस-पस्तीस किलो साखर अडकून राहते. रस बिघडला की हा आकडा वाढतो.

आणखी एक फसगत आहे. पोल मोजण्याचे यंत्र प्रकाशाचा किरण किती वळतो ते पाहते. डेक्स्ट्रान हा किरण साखरेच्या सुमारे तिप्पट वळवते. त्यामुळे कागदावर पोल आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. प्रयोगशाळेचा आकडा चांगला आणि पोती कमी, असे झाले की संशय काट्यावर जातो, कामगारांवर जातो. पुष्कळदा चोर उसातच बसलेला असतो.

नुकसान कोणाचे?

उताऱ्यातील ०.१ टक्का म्हणजे एका टनामागे एक किलो साखर. ऐकायला किरकोळ वाटते. पाच लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्यात तो आकडा पाच हजार क्विंटल साखरेचा होतो.

दराचेही पाहू. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी ठरवली. त्यावर उताऱ्याच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे वाढ. उतारा खाली आला तर तेवढीच कपात, ९.५ टक्क्यांच्या खाली मात्र आणखी कपात नाही. म्हणजे ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे. ज्याचा ऐंशी टन ऊस त्याचे २,७६८ रुपये.

आणि हा उतारा एकट्याच्या उसाचा धरला जात नाही, साऱ्या कारखान्याचा धरला जातो. एकाचा शिळा ऊस दुसऱ्याच्या ताज्या उसाबरोबर त्याच गव्हाणीत पडतो. एकाचा डिंक सगळ्यांच्या रसात जातो. सहकारात नफा वाटून घेतो तसा चिकटपणाही वाटून घ्यावा लागतो.

हे सांगितल्यावर आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "समजलं. पण साहेब, माझा ऊस टोळीनं सोमवारी तोडला. गाडी यार्डात दीड दिवस हुबी राहिली. त्या दीड दिवसाचा जाब कुणी द्यायचा?"

याला उत्तर एकच. हा जाब कारखान्याने द्यायचा. ऊस बांधावर शिळा झाला की यार्डात, हे जंतू विचारीत नाही. म्हणून दोन्ही बाजूंची कामे येथे सांगतो.

सभासदांनी टोळी येण्याआधी शेताला वेळेवर पाणी तोडावे. ऊस बुडापासून तोडून घ्यावा, शेंडा आणि वाढे काढून टाकावेत, पाचट व माती बरोबर येऊ देऊ नये. वाहन मिळाल्याची खात्री झाल्याशिवाय तोड सुरू करू देऊ नये. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गाळला जावा. वाट पाहणे भागच असेल तर मोळ्या सावलीत ठेवून पाचटाने झाकाव्यात. ऊस पेटवून तोडण्याला संमती देऊ नये. चुकून जळालाच तर त्याच दिवशी गट ऑफिसला कळवावे.

कारखान्याने तोडणी प्रोग्रॅम गाळपाच्या ताकदीप्रमाणे ठेवावा. मिल बंद पडली तर त्याच तासाला शेतकी खात्याला निरोप जावा आणि तोड थांबावी. आधी आलेली गाडी आधी रिकामी व्हावी, त्यात वशिला नको. मिल आणि रसाचे पाट वाफेने व गरम पाण्याने वरचेवर धुतले जावेत, कारण तोच जंतू तेथेही घर करतो. ही कामे होतात की नाही हे वार्षिक सभेत विचारण्याचा प्रत्येक सभासदाला हक्क आहे. तो जरूर बजावावा.

जाताना आबांनी ते कांडे माझ्या टेबलावरच ठेवले. संध्याकाळी त्याचा कापलेला भाग नाकाशी धरून पाहिला. आंबूस वास येत होता. सभासदांनी आपल्या फडात हीच परीक्षा करून पाहावी. टोकाला आंबूस वास आला, रस बोटांना बुळबुळीत लागला, तर यंत्रावरचा आकडा कितीही चांगला असो, तो ऊस हातचा गेला असे समजावे.

रस दाट हवा, तो पिकलेल्या उसाचा. चिकट नको, तो शिळ्या उसाचा.